न छापलेली दुरुस्ती

मीठ पिकू लागल्याची खबर सर्वांत आधी ओठांना लागते. होळी होऊन आठ-दहा दिवस झालेले असतात, दुपारचा वारा खाडीकडून सुटतो, आणि ठाण्याच्या बाजारात उभ्या असलेल्या माणसाने ओठांवरून जीभ फिरवली तर ती खारट लागते. त्यानंतर चार दिवसांनी रस्त्यावर मिठाच्या गाड्या दिसू लागतात. वर्तमानपत्रात बातमी येते ती गाड्या दिसल्यावर. ओठांवरची बातमी छापण्याची पद्धत नाही.

यंदा मी कल्याणहून ठाण्यास आलो तो या मिठाचीच हकीकत लिहून पाठवण्यासाठी. मोसम कसा आहे, वाऱ्याने साथ दिली की दगा दिला, मीठ पांढरे पडले की मातट, एवढेच मुंबईच्या पत्राला हवे होते. स्टेशनावरून खाडीकडे जाणारी वाट मला ठाऊक होती. सोळा वर्षे मी ती टाळली असे लिहिणे बरोबर होणार नाही. त्या वाटेने जाण्याचे काम फारसे पडले नाही, आणि पडेल असे दिसले की मी ते दुसऱ्याकडे दिले.

मिठाचे आगर बदललेले नव्हते. भरतीचे पाणी आत घेणारा तोच चर, तेच मातीचे बांध, आणि बांधांमधले चौकोनी वाफे. कोवळ्या वाफ्यात पाणी नुसते पाणी दिसते. जुन्या वाफ्यात ते तांबूस होते, जड होते, वाऱ्याने हलेनासे होते. पिकलेल्या वाफ्यात पुरुष लांब दांड्याची फळी ओढतात, तिचा खरखर असा एकसारखा आवाज दुपारभर चालतो. ओढून काढलेले मीठ बायका टोपल्यांतून बांधावरच्या राशीकडे नेतात. टोपलीतून खारे पाणी गळते, ते मानेवरून पाठीत उतरते. पायाला साधी खरचटण झाली तरी पाऊस पडेपर्यंत ती भरत नाही.

बांधावर दोन काठ्या रोवून त्यांच्यावर एक फडके ताणले होते. फडक्याच्या सावलीत पाच-सहा महिन्यांचे मूल झोपले होते. सावली सरकली होती, आणि मुलाचे पाय उन्हात आले होते. मी फडक्याची एक बाजू सोडून पायांवर येईल अशी बांधली आणि पुढे गेलो. पुढे म्हणजे भेंडीच्या त्या जुन्या वृक्षापर्यंत, जिथे एके काळी मांडव होता.

मांडव दाजी मास्तरांनी घातला होता. ते ठाण्याच्या मराठी शाळेतून निवृत्त झालेले, अंगाने काटक, हातात कायम छत्री. त्यांनी मलाही शिकवले होते. आगरी वस्तीतली मुले होळीनंतर शाळेत येईनाशी का होतात हे बघायला ते एकदा भर दुपारी आगरावर गेले. मुले बांधांवर बसली होती. आया मीठ वाहत होत्या, आणि प्रत्येक तान्ह्या पोराशेजारी एक मोठे पोर कावळे आणि खेकडे हाकत बसले होते. ते मोठे पोर सहा वर्षांचे असे, फार तर आठ.

पुढच्या मोसमाआधी मास्तरांनी ठाण्यात चार घरे धरली. एका वकिलाने तांदूळ दिले, एका लाकडाच्या व्यापाऱ्याने बांबू दिले, घरोघरच्या बायकांनी जुनी लुगडी दिली. नारळाच्या झापांचा मांडव उभा राहिला, बांबूला लुगड्यांच्या झोळ्या लागल्या. सकाळी आईने पोर झोळीत टाकायचे, दुपारी एकदा येऊन पाजायचे, संध्याकाळी घेऊन जायचे. तान्ही झोळीत गेली की मोठी मोकळी होत, आणि मोकळ्या मुलांना मास्तर पाटी देत. या व्यवस्थेला नाव नव्हते. मी आमच्या साप्ताहिकात पहिल्यांदा दोन ओळी दिल्या तेव्हा 'बालसंगोपनगृह' असे लिहिले. गावचे कान्हू पाटील, आगऱ्यांच्या पंचांतले मुख्य, यांनी तो शब्द दोनदा वाचून घेतला आणि विचारले, "ह्यो कोन?"

"आपला मांडवच तो," मास्तर म्हणाले.

"मंग मांडव लिवा ना. आमाला वाटला सरकारचा नवीन कायतरी आला."

पाटलांची नात चांगुणा आठ वर्षांची होती. तिचा भाऊ तिच्या डाव्या कमरेवर वर्षभर बसलेला होता. पहिल्या दिवशी त्याला झोळीत टाकले तेव्हा ती तशीच उभी राहिली, कंबर एका बाजूला काढून, डावा हात कोपरात वाकवून, जणू त्या हातात अजून कुणी आहे. मास्तरांनी तिला बसायला सांगितले तर ती बसली, पण हात वाकलेलाच. पाटी धरायला दोन हात लागतात हे तिला कळायला दोन-तीन दिवस गेले.

मास्तरांची शिकवण्याची रीत आगरावर बदलली. शाळेत ते मुलांकडून पाऊणकी घोकून घेत: पाऊण, दीड, सव्वादोन, तीन. इथे त्यांनी तीच पाऊणकी भरतीला लावली. तिथीला पाऊणने गुणले की भरती किती वाजता हे कळते. पंचमीला पावणेचार, अष्टमीला सहा, दशमीला साडेसात. मुलांना भरतीची वेळ अंगात ठाऊक होती, ती आकड्यांत निघते याची त्यांना गंमत वाटली. चांगुणाला वाटली नाही.

"मास्तर, तुमचा चुकतंय," ती म्हणाली.

"काय चुकतं?"

"आठमीला सहाला पानी आपल्या चरात येत नाय. मागाहून येतं. कोंबरा आरवून बाया पान्याला जाऊन येतान, मंग येतं."

मास्तरांनी छत्री खाली ठेवली. समुद्रावरची भरती इथवर चढून यायला वेळ लागतो हे त्यांना ठाऊक होते, पण सोळा मुलांपुढे ते सांगायचे राहून गेले होते. पुढे ते ठाण्यात भेटेल त्याला हा प्रसंग सांगत. मी तो ऐकला आणि छापला नाही, कारण त्यात बातमी नव्हती.

वैशाखात शाळाखात्याचे डेप्युटी साहेब ठाण्यास परीक्षा घ्यायला येणार होते. मास्तरांनी त्यांच्याकडून एक गोष्ट कबूल करून घेतली होती: मांडवातल्या मुलांची परीक्षा शाळेतल्या मुलांबरोबर होईल, आणि उतरतील त्यांना पावसाळ्यात, आगर बंद असताना, ठाण्याच्या शाळेत घेतले जाईल. चांगुणा मुलींच्या शाळेत जाईल याबद्दल मास्तरांना शंका नव्हती. पाटलांना होती, पण ती शाळेच्या वाटेवर चिखल फार असतो एवढीच.

आता मांडवात पेज रांधणाऱ्या बाईविषयी. तिचे नाव गिरजा. घाटावर दुष्काळ पडला त्या वर्षांत लोक घाट उतरून कल्याणपर्यंत आले, कल्याणहून ठाण्यापर्यंत आले, त्यांतली ती. आगरावर काम मागायला आली तेव्हा मांडवाच्या सावलीला टेकली, एक पोर रडत होते ते तिने उचलले, आणि ते गप्प झाले. मास्तरांनी तिला ठेवून घेतले. कुठल्या झोळीतले रडणे भुकेचे आणि कुठले झोपेचे हे ती पाठमोरी राहून सांगे. तांदळाची पेज ती पातळ करी, मिठाचा खडा टाकताना हसे. "या गावात येक मीठच फुकट हाये," म्हणे. मुले तिला मावशी म्हणत. तिच्याबरोबर घाट उतरताना कोण कोण निघाले होते आणि कोण पोचले, हे मी विचारले नाही. बातमीला त्याची गरज नव्हती.

गावाच्या रीतीप्रमाणे जिच्या हातचे पाणी चालत नाही, अशा जातीतली ती होती. हे मास्तरांना माहीत होते. गावालाही माहीत होते. तिचे बोलणे, तिचे लुगडे नेसणे, पाण्याच्या हंड्याजवळ जाताना पहिल्या दिवशी ती थबकली ते थबकणे, यांतून कुणालाही कळावे. पण आगऱ्यांनी तिला विचारले नाही. एकदा एका बाईने विचारायला तोंड उघडले तेव्हा पाटील म्हणाले, "मांडव गावात नाय. बांधावर हाय. बांधावर दिवसातना दोनदा खारीचा पानी येतं, तो काय इचारून येतं?" सगळ्या हसल्या आणि टोपल्या उचलून गेल्या. त्या गावाने हा प्रश्न असा सोडवला होता. एकेकाने आपल्यापुरते जाणायचे, आणि दुसऱ्याजवळ बोलायचे नाही. पोरे सावलीत होती.

ही व्यवस्था किती नाजूक आणि किती पक्की आहे हे मला दिसत होते. दिसूनही कळले नाही.

आमच्या साप्ताहिकाच्या संपादकांनी मला कामाला लावले तेव्हा एक नियम घालून दिला होता. माणूस बातमीत आला की त्याचे नाव, गाव, जात आणि धंदा लिहायचा. चारांतले एक जरी राहिले तरी ती बातमी नव्हे, ती बाजारगप्प. हा नियम आमच्या सगळ्यांच्या अंगी इतका भिनला होता की विहिरीत पडलेल्या माणसाला बाहेर काढले तरी आम्ही आधी जात विचारायचो. चैत्रात संपादकांनी मांडवाविषयी अर्धा रकाना लिहायला सांगितला. ठाण्यातल्या आणखी चार घरांनी तांदूळ द्यावेत हा त्यामागचा हेतू. मी दोन दिवस आगरावर बसलो. वकिलांचे नाव, व्यापाऱ्यांचे नाव, मास्तरांचे नाव, सर्वांची नावे आली. मग मला वाटले, ज्या बाईच्या हातून सगळे चालते तिचेच नाव नाही, हा अन्याय आहे. मी हे प्रामाणिकपणे लिहितो. मला त्या वेळी न्याय करायचा होता.

ती पेज ढवळत होती. मी नाव विचारले, गाव विचारले. मग जात विचारली. तिने ढवळणे थांबवले नाही.

"हितं आजवर कुणी इचारलं न्हाई, दादा," ती म्हणाली.

मी ती तक्रार समजलो. इतके दिवस हिची कुणी दखल घेतली नाही, असे ती सांगते आहे असे मला वाटले. मी म्हणालो, "म्हणूनच विचारतो."

तिने माझ्याकडे पाहिले, मग झोळ्यांकडे पाहिले, आणि सांगितले. विचारल्यावर खोटे सांगण्याची तिला सवय नव्हती. मी लिहून घेतले. शब्द काय होता तो मी इथे पुन्हा लिहीत नाही. एकदा लिहिला तेवढा पुरे झाला.

शनिवारी अंक निघाला. मीठचौकीवरचा कारकून वर्गणीदार होता, आणि दर शनिवारी संध्याकाळी चौकीपुढच्या पारावर तो अंक मोठ्याने वाचत असे. आपल्या आगराचे छापून आले आहे म्हणताच सगळे गाव जमले. पुरुष खाली बसले, बायका मागे उभ्या राहिल्या, चांगुणा पुढे. कारकुनाने मजकूर स्वच्छ आवाजात वाचला, गिरजेपर्यंत आला, नाव वाचले, गाव वाचले, आणि पुढचा शब्दही त्याच आवाजात वाचला. पुढचे त्याने मला नंतर सांगितले. लोक एकेक करून उठले. कुणी कुणाकडे पाहिले नाही.

सोमवारी एकाही झोळीत मूल आले नाही.

मंगळवारी कान्हू पाटील छापखान्यात आले. आमचा शिळाछाप होता. टेंभीकडच्या बाजूला एका घराच्या ओसरीत तो चाले, आणि ओल्या दगडाचा वास रस्त्यापर्यंत येई. पाटील पायरीवर बसले, आत आले नाहीत. डोक्याला धुतलेले पागोटे होते, बरोबर एक जोडीदार होता. ते मीठ ओढण्याचे दिवस होते. एका दिवसाचे काम टाकून दोन माणसे चालत आली होती.

"तुमी लिवलेला कागुद आमी आयकला," ते म्हणाले.

"काही चुकलं आहे का त्यात?"

"चुकला नाय. तीच तर अरचन हाय."

त्यांनी सावकाश सांगितले. "एक ओल लिवा. त्या बाईची जात लिवन्यात चूक झाली, असा लिवा. नायतर लिवा, ती रांधत नाय, नुसती झारझूर करतं. तुमाला बरा दिसंल तसा लिवा. शनवारी कारकुनाने वाचला का सोमवारी सगली पोरां मांडवात."

"पण पाटील, तुम्हांला तर आधीपासून ठाऊक होतं."

"म्हाईत व्हता. मना म्हाईत, माज्या बायकोला म्हाईत, ह्याला म्हाईत." त्यांनी जोडीदाराकडे बोट केले. "पन ह्याला म्हाईत हाय ता मना म्हाईत नव्हता. आता सगल्यांनी सगल्यांच्या देखत आयकला. आता पंच म्हून मना बोलाया लागतं."

"मी खोटं छापू शकत नाही."

पाटलांनी पागोटे काढून मांडीवर ठेवले. "मागल्या म्हैन्यात कलव्याला दोन तोंराचा वासरू झाला म्हून लिवलंत. आमी होरी घेऊन बघाया गेलो. एकच तोंर व्हता."

जोडीदार हसू दाबत म्हणाला, "तोही वाकरा."

"दोन तोंडांच्या वासराची ती बातमी माझी नव्हती," मी म्हणालो.

"तुमची नव्हती, पन कागुद तुमचाच व्हता. वासराला एक तोंर जास्ती चालला, आनि आमच्या पोरांना एक ओल नाय चालत?"

मी काय उत्तर दिले ते मला शब्दशः आठवते. मी म्हणालो, "हे पत्र खऱ्यासाठी निघतं, पाटील." म्हणताना मला बरे वाटले होते हेही आठवते.

"बरा तर," ते म्हणाले आणि उठले. दोन पावले जाऊन वळले. "तुमाला पोरां हायेत का?"

"अजून नाहीत."

"मंग बराबर."

मला एक पळवाट होती, तीही नोंदवली पाहिजे म्हणजे ती राहणार नाही. संपादक नको म्हणाले असते तर दोष त्यांचा झाला असता. ते नको म्हणाले नाहीत. चष्मा पुसत ते म्हणाले, "बातमी तुझी. दुरुस्ती द्यायची तर तू लिही, मी हरकत घेणार नाही." कागद माझ्यापुढे होता, बोरू माझ्या हातात होता.

बुधवारी दाजी मास्तर आले. त्यांनी आल्याआल्या काहीच मागितले नाही. छत्री कोपऱ्यात ठेवली, ती पुन्हा उचलली, पुन्हा ठेवली.

"खोटं बोलू नये असं मीच तुला शिकवलं," ते म्हणाले. "ते आता परत घेता येत नाही. पण तेव्हा तू आठ वर्षांचा होतास रे."

"मास्तर, मग उद्या सगळे म्हणतील हा मांडव खोट्यावर उभा आहे."

"तो बांबूवर उभा आहे," मास्तर म्हणाले.

मी लिहीन असे म्हणालो नाही. लिहिणार नाही असेही म्हणालो नाही. शनिवारपर्यंत तीन दिवस होते. त्या तीन दिवसांत मी दुरुस्तीचे चार खर्डे केले. प्रत्येकात सगळे खरे होते, आणि म्हणून एकाचाही उपयोग नव्हता. अंक निघाला. त्यात पावसाचे अंदाज होते, कल्याणच्या बंदरात बुडालेल्या गलबताची हकीकत होती, आणि तिसऱ्या पानाच्या तळाशी तीन बोटे जागा कोरी राहिली होती, तिथे नक्षी काढली.

गिरजेने अंकाची वाट पाहिली नव्हती. शुक्रवारी सकाळी तिने मांडवातली सगळी भांडी खारवटलेल्या वाळूने घासली, पालथी घातली, झोळ्या सोडून घड्या केल्या आणि मास्तरांना म्हणाली, "माज्यापायी लेकरं उन्हात नगं. म्या गेल्यावर येत्याल." रुळांच्या कडेकडेने ती कल्याणच्या दिशेला गेली. पुढे ती कुणाला दिसली नाही. निदान मला सांगण्यासारखे कुणी भेटले नाही.

ती गेली, पण मुले आली नाहीत. यात गावाचा हट्ट नव्हता. ती होती तोवर प्रश्न तिचा होता, ती गेल्यावर प्रश्न मुलांनी खाल्लेल्या पेजेचा उरला. खाल्ले असे एकदा ठरले की प्रायश्चित्त आले, पंगत आली, शेजारच्या गावांतली सोयरीक अडली. खाल्लेच नव्हते असे ठरले असते तरच सगळे मिटले असते, आणि ते ठरवण्याची ताकद त्या आठवड्यात फक्त छापील ओळीत होती. मांडवात पुन्हा पोरे घालणे म्हणजे खाल्ल्याची कबुली देणे झाले. म्हणून बायकांनी बांधावर पुन्हा काठ्या रोवल्या.

मास्तर आणखी पंधरा दिवस मांडवात जाऊन बसत होते. पाट्यांची चळत शेजारी. मग झापे वाऱ्याने उडाली.

मी चांगुणाला त्या मोसमात एकदाच पाहिले, वाटेवरून. कमरेवर भाऊ होता, कंबर पहिल्यासारखी एका बाजूला काढलेली होती. उजव्या हाताने डोक्यावरची लहान टोपली धरली होती. मी बांधावर उतरलो नाही. वैशाखात डेप्युटी साहेब आले, परीक्षा झाली, तिची हकीकत मीच लिहिली. 'काही मुले गैरहजर होती' असे एक वाक्य त्यात आहे. ते बरोबर आहे.

ज्येष्ठ लागता लागता तिचा भाऊ वारला. उन्हाने की खारे पाणी पोटात गेल्याने, हे कळले नाही. आगरावर उन्हाळ्यात मुले दगावतात. मांडव होता तेव्हाही एक गेले होते. त्यामुळे हे मूल माझ्या बातमीने गेले असे मला खात्रीने लिहिता येत नाही. या वाक्याचा आधार मी बरीच वर्षे घेतला. ते निर्दोष वाक्य आहे. कुणाही संपादकाने त्यात खोडण्यासारखे काही काढले नसते. मात्र घरात आमचा पहिला मुलगा झाला आणि त्याला पाळण्यात घातले, त्या दिवसापासून ते वाक्य मला पुरेनासे झाले.

मास्तर गेले त्याला आता बरीच वर्षे झाली. शेवटपर्यंत ते माझ्याशी नीट बोलत. मांडवाविषयी ते माझ्यापुढे पुन्हा बोलले नाहीत, आणि मीही विषय काढला नाही. आम्ही दोघांनी ते जाणायचे आणि बोलायचे नाही असे ठेवले. ही रीत मला अखेर जमली, पण तेव्हा तिने कुणाचे भले होणार नव्हते.

यंदा भेंडीच्या झाडाखाली उभा राहून मी आगराच्या कारकुनाकडून मोसमाची माहिती घेतली. कारकून नवा होता. वारा चांगला आहे, मीठ पांढरे पडते आहे, एवढे टिपून घेऊन परत फिरलो तेव्हा मघाच्या त्या फडक्याजवळ एक बाई वाकून मुलाला बघत होती. टोपली शेजारी ठेवलेली होती, मिठाने भरलेली. चाहूल लागताच तिने मान वर केली.

"ह्या फरक्याची गाठ तुमी बांधलीत?"

"पायांवर ऊन येत होतं."

तिने मला निरखले. "तुमी मास्तरांच्या संगती येयाचे. मांडवात. वयी घेऊन."

चांगुणा, आता चोवीस वर्षांची बाई. मी ओळखले नव्हते, तिने ओळखले. ठाकुर्लीला दिली होती. तिथे भातशेती, उन्हाळ्यात काम नाही, म्हणून दर साल मीठ पिकायच्या दिवसांत माहेरच्या आगरावर येते. हे तिने न विचारता सांगितले. आजा तीन वर्षांमागे गेला, हेही सांगितले. तो कसा गेला, शेवटी कसा तिच्या हातूनच पाणी प्यायचा, त्यासाठी तिला ठाकुर्लीहून कसे बोलावून घ्यायचा. सांगताना ती मुलाच्या अंगावरची माशी हाकत होती.

"वाचता येतं अजून?" मी विचारले.

"नाय. जरा जरा येयाचा, गेला मंग." थोडी हसली. "मावशीची पेज याद हाय. आमच्या सासूला सांगतंय, तशी पेज तुला जमाची नाय, तर ती रागं भरतं."

आगरावरून फळीची खरखर येत होती. तिने पदर डोक्यावर घट्ट गुंडाळून त्याची चुंबळ केली आणि टोपलीला हात लावता लावता, सहज विचारावे तसे विचारले. इतकी वर्षे कुणी सांगितले नसेल. त्या संध्याकाळी पारावर ती पुढे बसली होती, पण आठ वर्षांच्या मुलीला एका शब्दात काय कळणार.

"मना एक सांगा. मावशीला घालवली कोनी?"

उत्तर मला ठाऊक होते. त्या गावात, त्या तालुक्यात, ते माझ्याइतके नेमके कुणालाच ठाऊक नव्हते. नाव, गाव, जात, धंदा, सगळ्यासकट.

"पंचांनी," मी म्हणालो.

तिने मान हलवली. "म्हंजे आज्यानेच."

मी वही मिटून खिशात घातली. तिने टोपली उचलून डोक्यावर घेतली. मी हात दिला नाही, तिनेही मागितला नाही. खारे पाणी तिच्या मानेवरून उतरले आणि ती राशीकडे निघाली.

हाक मारायला वेळ होता. बांध लांब आहे, आणि ओझे घेतलेली बाई सावकाश चालते.